संदर्भ गट ड

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दहावीच्या बॅचच्या चाचणीतून उरलेल्या वहीत लिहितेय. दुपारी दोन ते चार घरात क्लासची मुलं नसतात, तेवढाच वेळ माझा. लिहिलं नाही तर कुणाच्या तरी अंगावर जाईन, आणि घरात सध्या अंगावर जाण्यासारखी दोनच माणसं आहेत. एक नवरा, डोक्याला लागलेला. दुसरी सासू.

१६ सप्टेंबरला चाकणच्या कंपनीत डाय म्हणजे साचा बदलताना क्रेनचा हूक फिरला आणि भीमराजच्या कानशिलावर बसला. हेल्मेट तडकलं. नऊ दिवस दवाखाना. मेंदूत थोडं रक्त साकळलं होतं, ते विरलं म्हणाले, टाके काढले, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. आता जखमेवर केसही आलेत. एकोणीस वर्षं तो प्रेस शॉपला डाय सेटर आहे. दोनशे टनाच्या प्रेसमध्ये पत्रा जिथं दाबला जातो, नेमका तिथंच हात घालून साचा बसवायचा, हे त्याचं काम. म्हणून परत घेण्याआधी मेंदूची तपासणी. निगडीच्या सेंटरला जायचं, टॅबसमोर बसायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. डॉक्टर नाही. एआय ऐकणार, एआय मार्क देणार, एआयच ठरवणार माणूस फिट की अनफिट. तारीख बारा.

फॉर्म मीच भरला. चार पानं! नाव, पत्ता, शिक्षण इथवर ठीक. मग घरी बोलतात ती बोली, वडिलांचा व्यवसाय, धर्म, प्रवर्ग. शेवटच्या तीन रकान्यांपुढं ‘ऐच्छिक’ असं बारीक लिहिलेलं. भीमराज म्हणाला, “सोड ना ते रिकामं.”

“का सोडू? चोरी केलीय का आपण?” वडील फाउंड्रीत भट्टीवर, धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती, सगळं ठळक अक्षरांत भरलं. लपवाछपवी मला जमत नाही आणि जमवायचीही नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शोएब येऊन गेला. भीमराजच्याच लाइनला असतो, कासारवाडीला राहतो, हूक लागला तेव्हा यानंच भीमराजला उचललं होतं. त्याच्या बायकोनं, साबियानं, डबाभर दालचा दिला होता.

गेल्या महिन्यात अख्ख्या प्रेस शॉपची ती तपासणी झाली, भीमराज तेवढा घरी होता म्हणून राहिला. शोएब म्हणाला, “वहिनी, काय टेन्शन नका घेऊ. पाच शब्द सांगतात, मग दहा मिनिटांनी परत विचारतात. शंभरातून सात वजा करत मागं जायचं. घड्याळ काढायचं. एक चित्र दाखवतात, त्याची स्टोरी सांगायची. ती बाई टॅबमधून इतकी गोड बोलते ना, वाटतं आता चहा विचारेल.”

मी लगेच वही ओढली आणि सगळे प्रश्न उतरवून घेतले. शोएब बघत राहिला. “वहिनी, ही परीक्षा नाय हो, तपासणी आहे.”

असेल. मार्क आहेत म्हणजे परीक्षाच. तेरा वर्षं मी पिंपळे गुरवमध्ये क्लास घेतेय, गणितात दोनदा आपटलेलं पोरगं माझ्याकडून पास होऊन जातं. माझे सासरे सही करता यावी म्हणून फाउंड्रीतून येऊन रात्रशाळेत बसले. आमच्याकडं कुणी तयारी न करता परीक्षेला बसत नाही. त्यात ही कंपनीच्या साहेब लोकांपुढची परीक्षा. तिथं माझा नवरा अडखळणार आणि ते बघणार? अजिबात नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिली सराव चाचणी घेतली. माझ्या मोजणीनं शंभरापैकी ४९.

गाजर, छत्री, डोंगर, निळा, घोडा. पाचातले दोन आठवले. त्र्याण्णव म्हणाला, शहाऐंशी म्हणाला आणि थांबला. खिडकीबाहेर बघायला लागला. माझं डोकंच सरकलं. “लक्ष कुठंय तुझं?” म्हणून ओरडले, पोरांवर ओरडते तसंच. हा माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे हिशोब तोंडी करायचा! आयटीआयला पहिला आला होता.

त्यानं पेन खाली ठेवलं. “मिनल, डोक्यात काहीतरी राहिलं नाही गं. आत हात घालतो आणि सापडतच नाही.”

“काही झालेलं नाही तुला. सवय मोडलीय. परत म्हण, गाजर.”

“खरंच काही झालं नाही?”

“नाही म्हटलं ना! गाजर.”

आम्ही लहानपणापासून एकाच विहारात वाढलो, म्हणून आमचं अरेतुरे. सासूबाईंना, चिमाबाईंना, ते पंधरा वर्षांनीही खटकतं. पण आज त्यांचा आक्षेप वेगळाच होता. पलंगावरून म्हणाल्या, “लेकरू असं नव्हतं गं माझं. सकाळधरनं तीनदा इचारलं मला, आई जेवलीस का म्हणून. त्येला कशाला छळतीस?”

“आई, तुम्ही मध्ये बोलू नका. त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एक युक्ती चालली. शब्द सुटे पाठ करायचे नाहीत, त्यांची गोष्ट करायची. निळ्या डोंगरावर घोडा छत्री धरून गाजर खातो. आता पाचही येतात. घड्याळ रोज आठ वेळा काढून घेतलं. सात वजा तर पाढ्यासारखं घोकून घेतलं, बोट लावलं की सुटतो. आज ६०.

दूध गॅसवर ठेवून आंघोळीला गेला, सगळं उतू गेलं. असं कुणाचंही जातं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

झाली एकदाची परीक्षा. मला आत सोडलं नाही, काचेतून बघत होते. शब्द वेगळेच आले म्हणे, पण त्यानं तिथल्या तिथं गोष्ट केली. बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. गर्दीत मला शोधत होता आणि मी समोरच उभी होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पास!

५८ गुण. त्याखाली ‘अपेक्षित गुण ५५’. त्याखाली हिरव्या चौकटीत ‘पूर्वीच्या कामासाठी योग्य’. अपेक्षेपेक्षा जास्त! भीमराजनं स्वतः जाऊन पेढे आणले, आमच्या तिन्ही मजल्यांवर वाटले. “मेंदूच्या परीक्षेत पास झालो,” असं प्रत्येक दारात सांगत होता. लोक हसत होते, तोही हसत होता. मी मोबाइलवर कागदाचा फोटो काढून शोएबला पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला.

सासूबाईंनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. बाईला कशाचा आनंदच नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गेला कामावर. नाशिक फाट्याला कंपनीच्या बसपर्यंत मी सोडायला गेले. दोनदा भलत्याच बसमध्ये चढायला निघाला होता, मी हाक मारली. दोन महिन्यांनी जातोय, सवय नाही राहिली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बॅचला सुट्टी देऊन लिहितेय.

साडेअकराला शोएबचा फोन. “वहिनी, भीमा ठीक आहे, आधी ते ऐका.” मग सांगितलं.

डाय बसवताना प्रेसचा वरचा भाग खाली येऊ नये म्हणून मध्ये लोखंडी ठोकळा लावतात. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि तिथं एकोणीस वर्षं ते शिकवणारा हाच. आज यानं ठोकळा लावला नाही. दोन्ही हात आत. आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, “घे खाली.” तो नवा, कंत्राटी, उस्ताद सांगतोय म्हणून त्यानं बटण दाबलं. शोएब लाल बटणावर अक्षरशः पडला. प्रेस याच्या मनगटांच्या वर चार बोटांवर थांबला.

शोएब म्हणाला, “त्याला विचारलं ठोकळा कुठंय, तर म्हणतो लावलाय की. दाखव म्हटलं, तर बघत बसला. वहिनी, माझा भाऊ आहे तो. त्याला उद्यापासून पाठवू नका.”

उद्या गुरुवार, सुट्टी. परवापासून कुठलं कारण सांगू? हिरव्या चौकटीत लिहिलंय, योग्य.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शोएब दुपारी घरी आला, मोबाइलमध्ये दोन फोटो घेऊन. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते आज कळलं.

पहिला फोटो क्वालिटीतल्या एका साहेबांच्या कागदाचा. ते मोशीजवळ बाइकवरून पडले होते, डोक्याला मार. त्यांनाही तोच टॅब, तीच बाई. त्यांचे गुण ६६. माझ्या नवऱ्यापेक्षा आठ जास्त! आणि निकाल? लाल चौकट. ‘लक्षणीय घट. काम थांबवावे. मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.’ साहेब तीन महिने रजेवर, उपचार चालू. साहेबांनीच शोएबला कागद दाखवला, भला माणूस म्हणायचा.

अपेक्षित गुण, साहेबांचे: ७८. अपेक्षित गुण, भीमराजचे: ५५.

मी गणिताची बाई. तरी तळाची ओळ आजपर्यंत वाचली नव्हती, कारण पास झालेल्या पोराचा पेपर कोण परत तपासतं? अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत, साहेबांच्या कागदावर ‘संदर्भ गट अ’. आमच्या कागदावर ‘संदर्भ गट ड’. पुढं लिहिलंय, अपेक्षित गुण व्यक्तीची भाषा, परिसर, कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमी यांवरून काढलेले आहेत.

म्हणजे भीमराज अपघाताआधी कसा होता हे त्या यंत्राला माहीतच नाही. त्यानं अंदाज बांधला. भट्टीवरच्या बापाचा मुलगा, बौद्ध, पिंपळे गुरव, अमुक बोली, म्हणजे याचं डोकं मुळातच पंचावन्नचं असणार. आता अठ्ठावन्न आहे. मग बिघडलं काय? काहीच नाही. जा, घाल हात प्रेसमध्ये!

दुसरा फोटो शोएबच्या स्वतःच्या कागदाचा. गट ड. “वहिनी, तुमचा नवरा आणि मी एकाच वर्गात. मागच्या बाकावर,” म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. मेल्यांनो, माझ्या फॉर्मवर मी ठळक अक्षरांत लिहून दिलं आणि तुम्ही त्याचंच माप केलंत!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

भीमराजला ताप आलाय असं कळवलं आणि मी कंपनीत गेले. गेटवर दीड तास बसवलं. एचआरच्या इनामदार मॅडम भेटल्या. गोड बाई, आवाजही त्या टॅबसारखाच. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, हे काय आहे?

“ताई, तुम्ही चुकीचा अर्थ काढताय. हे उलट तुमच्या भल्यासाठीच आहे. सगळ्यांना एकच पट्टी लावली तर तुमच्याकडची माणसं उगीच अनफिट ठरतील. नोकऱ्या जातील त्यांच्या. अन्याय होऊ नये म्हणून ही सोय केलीय.”

“तुमच्याकडची म्हणजे कुणाकडची?”

“म्हणजे... त्या पार्श्वभूमीची.”

“जर्मनीहून आलेली डाय तीन इंजिनिअरांना बसेना, ती या माणसानं एका शिफ्टमध्ये बसवली. तुमच्याच कंपनीनं त्याचा फोटो लावला होता कँटीनबाहेर. तेव्हा कुठल्या गटात होता हो तो?”

“मॅडम, आवाज खाली ठेवा.”

“नाही ठेवणार! अन्याय होऊ नये म्हणून आधीच मठ्ठ धरायचं, ही कुठली सोय?”

त्या म्हणाल्या, सिस्टीम बाहेरच्या कंपनीची आहे, त्यात आम्हाला हात घालता येत नाही. अहवाल योग्य असा आहे, त्यामुळे भीमराजला सोमवारपर्यंत हजर व्हावं लागेल. नाहीतर विनापरवानगी गैरहजर. उपचार, हलकं काम वगैरे अनफिट असेल त्यालाच.

खरं सांगायचं तर बसमध्ये परत येताना एक गोष्ट टोचत राहिली. गेल्या वर्षी एका शिबिरात सासूबाईंना असाच टॅब दिला होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला पियानोचं चित्र दाखवलं. ओळखता आलं नाही, तर स्मृतिभ्रंश म्हणून कागद हातात दिला, आणि तेव्हाही मीच भांडले होते, की सगळ्यांना एक पट्टी कशी लावता. म्हणजे इनामदारबाई अगदीच खोटं बोलत नव्हत्या. पण शाळेत न गेलेल्या बाईला पियानो विचारू नका, एवढं साधं आहे ते. तिच्या लेकाचं डोकं जातीवरून मोजा असं कुणी सांगितलं होतं?

रविवार, २३ नोव्हेंबर

मोशीला सोपानरावांकडं गेले. युनियनचे जुने माणूस, तिथलेच गाववाले, पायाला प्लास्टर तरी ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. दोन्ही कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचले.

“ताई, मला त्या एआयमधलं काय बी कळत न्हाई. पर आमी तीस वर्सं बघतोय, अपघात झाला की कंपनी म्हनती माणूस आधीपास्नंच तसा व्हता. पयलं दारू प्यायचा म्हनत. आता मशिनीकडनं म्हनवून घेत्यात, येवढाच फरक हाय.”

त्यांनी माझ्यासमोर दोन फोन लावले. उद्या हजर व्हायची सक्ती थांबली. २ डिसेंबरला बैठक, कंपनीबाहेरच्या, मेंदूच्या डॉक्टरांसमोर. निघताना म्हणाले, “येक सांगा. ह्यो मानूस आधी कसा व्हता, ते ल्हिलेलं कुटं हाय का? मशिनीकडं न्हाई, कंपनीकडं न्हाई. मग तुमीच ल्हा. समदं ल्हा. चांगलं बी, वंगाळ बी.”

सोमवार, २४ नोव्हेंबर

लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला अडकले.

८ तारखेची सराव चाचणी याच वहीत आहे. ४९. त्या भंगार गट ड ची रेघसुद्धा ५५ वर आहे. भीमराज जसा होता तसा गेला असता, तर त्यांच्याच खोट्या मापानंही लाल चौकट आली असती. कामावर गेला नसता. प्रेसखाली हात गेले नसते.

मधले नऊ मार्क मी दिले.

शोएबनं सांगितलं होतं, ही परीक्षा नाही. मी ऐकलं का? नाही. मला पास झालेला नवरा हवा होता. इतकी वर्षं ओरडतेय की आम्हाला कमी समजू नका, आणि ज्या एका दिवशी त्याला कमी झालंय हे जगाला कळायला हवं होतं, त्या दिवशी मीच झाकलं. सासूबाईंना दिसत होतं. मला दिसत नव्हतं की बघायचं नव्हतं, हे मला आजही धड सांगता येत नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

तरी एक गोष्ट माझ्या रागातून हलत नाही. माझी चूक माझी. पण ५५ ची रेघ मी ओढलेली नाही. सरळ माप असतं तर माझ्या शिकवणीनंही तो ७८ पर्यंत पोचला नसता.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

टॅबवाल्या कंपनीची ईमेल. ‘आमचे मॉडेल पूर्णतः पडताळलेले असून संदर्भ गट समन्याय्य मूल्यमापनासाठी आहेत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ तीनदा वाचली. शिव्या इथं लिहिणार नाही, ही वही उद्या एखादं पोर उघडेल.

भीमराज दिवसभर घरात फिरतो. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. कागदाची भानगड आहे, सोपानराव बघतायत, एवढंच. तो म्हणतो, “मी तर पास झालो ना? मग का जाऊ देत नाहीत?” मी भाजी निवडत बसते.

मंगळवार, २ डिसेंबर

बैठक झाली. जिंकलो.

चाकणला कंपनीचीच खोली, लांब टेबल. इनामदार मॅडम, त्यांचे एक साहेब, सरकारी दवाखान्यातले डॉ. शेवाळे, सोपानराव कुबडी घेऊन, साक्षीला शोएब, आणि आम्ही दोघं. भीमराजनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याला वाटत होतं, आज कामावर घेणार.

डॉक्टरांनी टॅबचा अहवाल वाचला आणि बाजूला ठेवला. “हे ५८ गुण ठीक. पण घट झाली की नाही हे कळायला आधीचा आकडा लागतो. तो कुठंय?”

साहेब म्हणाले, “सिस्टीम अपेक्षित आकडा देते ना.”

“अपेक्षित नाही विचारत. या माणसाचा आकडा.”

साहेब अहवालाची पानं उलटायला लागले. मग शोएबनं प्रेसवर काय झालं ते सांगितलं, जसंच्या तसं, मराठी-हिंदी मिसळून, आणि शेवटी त्याला रडू आलं. कंपनीच्या साहेबांना हा प्रकार कुणी कळवलाच नव्हता म्हणे. सोपानराव माझ्याकडं बघून म्हणाले, “ताई, वाचा.”

मी दोन पानं लिहिली होती. कागद डॉक्टरांना द्यायचा एवढंच ठरलं होतं. मोठ्यानं वाचावा लागेल आणि भीमराज शेजारी बसलेला असेल, हा विचारच मी केला नव्हता. पण मागं कशी फिरणार?

वाचलं. की हा माणूस प्रेसच्या आवाजावरून सांगायचा, साचा कुठल्या कोपऱ्यात घासतोय. की विहारात पूर्ण वंदना याला बिनपुस्तकाची येते, आणि गेल्या पौर्णिमेला मध्येच थांबला, लोकांना वाटलं घसा बसला. की इमारतीतल्या चाळीस घरांचे फोन नंबर याच्या तोंडात असायचे. आता आईला जेवलीस का हे सकाळपासून तीनदा विचारतो. दूध विसरतो. चुकीच्या बसमध्ये चढतो. लहानसहान गोष्टीवर चिडतो आणि मग का चिडलो ते आठवत नाही. पुढं हेही वाचलं, की तपासणीआधी मी आठवडाभर त्याच्याकडून सराव करून घेतला. आधी ४९ मिळाले होते. मी त्याला पास करवलं.

इनामदार मॅडम लगेच उसळल्या. “म्हणजे तुम्हीच रिझल्ट बदलला! आणि वर आमच्या सिस्टीमला बोल लावता?”

“हो, मी बदलला. लिहून दिलंय, सही केलीय. आता तुम्ही द्या लिहून, की याच्या बापाच्या भट्टीवरून याच्या मेंदूचं माप काढलं. करा सही!”

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला तेव्हा दोघी थांबलो. त्यांनी दहा मिनिटं भीमराजला स्वतः तपासलं, साधे प्रश्न विचारले, चालायला लावलं. मग लिहिलं. डोक्याच्या इजेमुळं स्पष्ट घट, प्रेसवर काम देऊ नये, उपचार कंपनीच्या खर्चानं, सहा महिन्यांनी परत बघू. खाली आणखी एक ओळ, की गट ड मधल्या सगळ्या कामगारांची तपासणी डॉक्टरांकडून पुन्हा व्हावी. प्रेस शॉपमध्ये असे त्रेसष्ट आहेत. साहेबांनी तोंड वाकडं करून सही केली. सोपानराव म्हणाले, “जितलो, ताई.” मला ओरडावंसं वाटत होतं इतका आनंद झाला होता. म्हटलं, घ्या आता, कसं वाटतंय!

मग भीमराजकडं वळले. तो माझे दोन कागद हातात घेऊन बसला होता. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता.

“हे सगळं तुला दिसत होतं?”

“अरे, कागदावर असं लिहावंच लागतं...”

“दिसत होतं का?”

“हो.”

त्यानं कागदाची घडी घातली, परत उघडली. आवाज चढवला नाही. “मी तुला विचारत होतो, मिनल. तू म्हणायचीस काही झालं नाही. मशीनही म्हणाली काही झालं नाही. मला वाटलं, मीच खोटं बोलतोय. काम टाळायला बहाणे करतोय, असं वाटायचं मला. म्हणून त्या दिवशी गेलो मी प्रेसवर.”

खोलीतले सगळे ऐकत होते. शोएबनं मान खाली घातली. डॉक्टर पेनाचं टोपण लावत होते.

घरी आलो. आत्ता तो पलीकडच्या खोलीत आईशेजारी बसलाय. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.